न लागलेला ठसका

आमच्या सासूबाईंची देवावर श्रद्धा होती, पण भरवसा मिरचीवर. घरात कुणी जेवताना हात आखडला, कुणाचं डोकं धरलं, की त्या शनिवारची वाट बघायच्या. शनिवारी उन्हं कलली की मूठभर सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी आणि उंबरठ्यावरची चिमूटभर माती त्या माणसावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. मग सगळ्यांनी चुलीकडे बघत बसायचं. ठसका उठला तर काही नाही, माणूस ठणठणीत. मिरच्या गुपचूप जळून गेल्या तर दृष्ट भारी होती, आता उतरली. एवढं सोपं शास्त्र होतं आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगंही वाटत नसे. डॉक्टरचं औषध कडू, हे तिखट, एवढाच फरक.

पंचफुलेच्या वेळी मात्र मिरच्यांनी भलताच निकाल दिला.

पंचफुला माझी धाकटी जाऊ. माझा दीर शालिकराम गिरणीत कामाला होता, त्याची ही बायको, भिवापूरची. त्या वर्षी फाल्गुनात ती माहेरी गेली आणि परत आली ती अर्धीच आली, असं म्हणावं लागेल. तिच्यावरून पहिल्यांदा मिरच्या उतरवल्या तेव्हा असा ठसका उठला की मी पदर तोंडात कोंबून अंगणात पळाले. शालिकराम खोकून खोकून लाल झाला. भिंतीपलीकडून शेजारच्या यमुताई ओरडल्या, "अवो, जीव घेता काय आमचा?" आणि जिच्यावरून उतरवल्या ती चुलीशेजारी पाटावर तशीच बसून. ना खोकली, ना शिंकली. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"सगळ्याइले लागते अन् तिलेच लागत नाई," सासूबाई मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या. "जे खोकलत नाई ते माणूस नसते, गोपिका. तिच्या आत दुसरंच कोनी बसलं हाय."

माझी जीभ भिवापुरी मिरचीहून तिखट, यावर आमच्या घरात एकमत होतं. पण तेव्हा मी चुलीतली राख ओढायला लागले. मीही पाहिलंच होतं की.

भिवापूरला काय झालं ते आम्हाला तिच्या वडिलांकडून कळलं होतं, तेही उभ्या उभ्या. रामाजी तिला लहान रुळांच्या आगगाडीनं नागपुरात इतवारीला घेऊन आले, दारातच पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाले, "मिरचीच्या गोदामाले आग लागली. संगं अनुसया होती, ते मेली. हे वाचली. हात भाजला हाय थोडा." पाणी प्यायले आणि परतीच्या गाडीनं गेले. ते तरी आणखी काय सांगणार? अनुसया म्हणजे पंचफुलेच्या शेजारची मुलगी, लहानपणापासूनची मैत्रीण. मिरचीचे देठ खुडायला दोघी मिळून जायच्या.

हाताची जखम भरली. बाकी काही भरलं नाही. पंचफुला बोलायची बंद झाली. हो-नाही मानेनं. कुठलंही दार लागलेलं तिला चालत नसे. शालिकरामनं खोलीचं दार लोटलं की ती उठून उंबऱ्यावर जाऊन बसे. नहाणीत जाईना, मागच्या अंगणात जुन्या लुगड्याचा आडोसा करून आंघोळ करी. कुणी दार ठोठावलं की भिंतीला पाठ लावून उभी. आमचं घर इतवारीत, मिरची बाजाराला लागून. वारा तिकडून फिरला की हातातलं काम टाकून ती ओट्यावर यायची. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लाल रंगाचं टॉनिक दिलं आणि हवापालट करा म्हणाले. हवापालट करायचा तो कुठे, भिवापूरला?

पोळ्याच्या आधी सासूबाईंनी कुहीकडचा लहानू भगत बोलावला. हा माणूस लबाड असता तर मीच त्याला केरसुणी दाखवली असती. पण तो नारळाशिवाय कुणाकडून काही घेत नसे, उपास करून यायचा, आणि पंचफुलेकडे त्यानं खरोखर कळवळ्यानं पाहिलं. मनापासून चुकणाऱ्या माणसाला कसं अडवायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

"मेली ते पोरगी, तिचं लगन झालं होतं काय?" त्यानं विचारलं.

"नाई," सासूबाई म्हणाल्या.

भगतानं मान हलवली. "अनुसयाच लागली हाय हिले. इच्छा राहिली तिची. धुरी द्या लागन, मिरचीची. बंद खोलीत."

दिवस त्यानं मारबतीचा ठरवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढून त्याच्यासोबत आपली इडा-पिडा गावाबाहेर धाडतं, त्या गर्दीत आमचीही जाईल, असा त्याचा हिशेब. मारबत आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायला लागली की धुरी पेटवायची आणि खोलीला बाहेरून कडी लावायची.

"अन् एक ध्यानात ठेवजा," तो म्हणाला, "अंदरून आवाज येईन. ते हिच्याच आवाजात रडन, हाका मारन, पाया पडन. उघडाचं नाई. उघडलं तर पोरगी कायमची गेली."

भगत गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, जे एकदा झालं तेच पुन्हा करता काय तिले? धूर, मिरची अन् बाहेरून कडी?"

"काट्यानंच काटा निघते," त्या म्हणाल्या आणि वाल निवडायला बसल्या. त्यांचा पंचफुलेवर जीव होता, तेच तर कठीण होतं. सून नकोशी झालेली सासू मी दोन शब्दांत गार केली असती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कढीला फोडणी देत होते. तेल तापलं, सुक्या मिरच्या टाकल्या, आणि सहज शेजारी पाहिलं. पंचफुला पुरणाची डाळ निवडत होती. तिचे हात थांबले होते, नजर उघड्या दाराकडे. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या आत ओढलेल्या, मानेवरची शीर तटतटलेली, आणि छाती? छाती हलतच नव्हती. मी बघत राहिले. मिरच्या काळ्या पडल्या, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ही बाई तशीच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला ठसका लागत नव्हता, कारण ती श्वासच घेत नव्हती. आम्ही चार-पाच महिने तिच्यातल्या भुताचा विचार करत होतो आणि ती बिचारी नाकतोंड दाबून बसत होती.

मी कढई उतरवली, तिचा दंड धरला आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली नेलं.

"घे श्वास, फुला. इथं धूर नाई."

विहिरीतून वर काढलेल्या माणसासारखा तिनं श्वास घेतला.

"काहून करतं असं वं?" मी विचारलं. "काहून दम धरून बसतं?"

मला वाटलं, नेहमीसारखी मान हलवून निघून जाईल. पण ती म्हणाली, "अनुसया हाका मारत होती, जाऊबाई."

इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं सबंध वाक्य. मी जागची हलले नाही. मग ती तुटक तुटक बोलत गेली आणि मी पेरूच्या बुंध्याला टेकून ऐकत गेले.

गोदामाचा मुनीम देठ खुडणाऱ्या बायांना आत घालून बाहेरून कडी लावायचा, कारण बाया सारख्या उठून बाहेर जातात. मिरचीची धूळ नाकात गेली की बाया दार वाजवायच्या, "ठसका लागला गा, दार उघड." खरा कमी, खोटा जास्त. तेवढंच घटकाभर वाऱ्याला बसायला मिळावं म्हणून. मुनीमही हसायचा. रोजची गंमत होती ती.

त्या दिवशी बाकीच्या बाया जेवायला घरी गेल्या. या दोघी ढीग संपवायचा म्हणून थांबल्या. मागच्या बाजूनं धूर आला तेव्हा अनुसयेनं दार वाजवलं. म्हणाली, "दार उघड गा, ठसका लागला." सवयीनं तेच तोंडात आलं.

"तो हासला, जाऊबाई," पंचफुला म्हणाली. "बाहेरून म्हने, रोजचंच हाय तुमचं. अन् निंगून गेला चहा प्याले."

"मग?"

"माहा बाप म्हनते, धुरात तोंड उघडू नाई. माठात पानी होतं. मी पदर ओला केला, नाक-तोंड बांधलं. तिलेबी देत होती. तिनं नाई घेतला. म्हने, दोघी गप्प बसलो तर कोनाले समजन? तू गप्प राह्य, मी हाका मारन." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "तिनं मारल्या. खोकलत खोकलत मारल्या. मंग नाई मारल्या."

पेरूवर पोपट ओरडत होते. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं.

"बाया जेवून आल्या, त्याइनं कडी काढली. तोवर मी एक हाक नाई मारली," पंचफुला म्हणाली. "दोघी ओरडलो असतो तर त्याले समजलं असतं, का गंमत नाई हे. मी तोंड मिटून बसली, मनून जगली. ते बोलली, मनून मेली."

मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. त्या मुनिमाचा आला, आमच्या घराचा आला. या पोरीनं आगीच्या वेळी जे केलं तेच ती अजून करत होती, आणि आम्ही तिला दर शनिवारी ती आग पुन्हा आणून देत होतो. मी तिला म्हणाले की तू तोंड उघडलं असतंस तर दोघी गेल्या असत्या. तिनं ऐकून घेतलं. पटलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी तडक सासूबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता प्रश्न मिटला. त्यांनी पूर्ण ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "पाह्य. एवढे महिने जे बोलली नाई, ते एकदम कशी बोलली? भगत येऊन गेला तवाच कशी बोलली? ते फुला नाई बोलली, गोपिका. अनुसया बोलली. आपलं गाऱ्हानं सांगून राहिली ते."

खरं सांगितलं तर तेही भगताच्याच पदरात पडलं. पंचफुला गप्प राहिली तरी भूत, बोलली तरी भूत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शालिकरामला गाठलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, मले माही बायको पाहिजे. होती तशी. भगत म्हनते, देतो." आमचे हे, मनोहरराव, पोस्टात होते. घरात तंटा असला की त्यांना हमखास जादा ड्यूटी लागे, तशी याही वेळी लागली.

राहिले मी. मी सासूबाईंना म्हणाले, "मग धुरीच्या वेळी मी बसन तिच्याजवळ."

"तुले दमा हाय."

"असू द्या. ती बसन तर मीबी बसन."

मला दम्याची फार आशा होती. कसंही झालं तरी सासूबाई थोरल्या सुनेला धुरात कोंडणार नाहीत, बेत आपोआप बारगळेल, असा माझा डाव. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं. एक सवाष्ण लागते मनलाच होता भगत. देवानंच बुद्धी देल्ली तुले." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मारबतीच्या दिवशी सकाळपासून गल्लीत माणूस मावत नव्हतं. आमची कोठीची खोली आत होती, तिला खिडकी नव्हती. ज्वारीची पोती भिंतीला लावलेली. मधे दोन पाट मांडले. मी पोत्यांमागे पाण्याचा तांब्या लपवला होता, तो भगतानं आल्या आल्या शोधून काढला. "पानी चालत नाई," तो म्हणाला आणि तांब्या बाहेर घेऊन गेला.

पंचफुला माझ्यामागून आत आली. तिला ओढावं लागलं नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. पाटावर बसली आणि तिनं पदर तोंडाला गुंडाळला. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता.

लांबून ढोलांचा आवाज आला. भगतानं शेगडी आणून कोपऱ्यात ठेवली, निखाऱ्यांवर मिरच्यांची ओंजळ रिकामी केली, वर आणखी एक, आणि तो बाहेर गेला. दार लागलं. कडी बसल्याचा आवाज झाला तेव्हा पंचफुलेची नखं माझ्या तळहातात रुतली.

पहिल्यांदा डोळे गेले. मग घसा. गल्लीतून आरोळ्या येत होत्या, "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत," आणि दाराबाहेर भगत काहीतरी म्हणत होता. मी ठरवलं, आता पुरे. पोत्यांवरचं एक रिकामं गोणपाट उचललं आणि शेगडीवर दाबलं. वाटलं, विझेल. ते विझण्याऐवजी धुमसायला लागलं, आणि मिरचीच्या धुरात तागाचा धूर मिसळला. आगीतून फुफाट्यात पडले मी, आणि स्वतःच्या हातानं.

छातीत शिटी वाजायला लागली. मी दारावर हात आपटले. "आत्याबाई, दार उघडा. मी गोपिका. दार उघडा."

बाहेरून भगताचा शांत आवाज आला, "पाहा. आता थोरलीच्या आवाजात बोलून राहिली. उघडाचं नाई."

तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. आपण ओरडतोय, ते ऐकू जातंय, आणि ऐकणाऱ्यानं आधीच ठरवलंय की हे खरं नाही. अनुसयेचं काय झालं असेल ते मला त्या दारापाशी कळलं. मी आणखी एकदा ओरडायला गेले आणि आवाज निघालाच नाही. मी दाराजवळ खाली बसले, मग आडवी झाले. फरशीपाशी थोडी हवा असेल असं वाटलं होतं, नव्हती.

पंचफुला पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. पदर तोंडाला घट्ट, डोळे एवढे मोठे. तिची छाती हलत नव्हती. मला तिला सांगायचं होतं की तशीच राहा बाई, तू तरी राहा. पण मला बोलता येत नव्हतं, फक्त हात हलला.

तो हात तिनं पाहिला. ती उठली आणि तोंडावरचा पदर ओढून काढला.

हाक मारायची तर आधी श्वास घ्यावा लागतो. तिनं तो घेतला, त्या धुरातला, छातीभर. मला तो आत जाताना ऐकू आला. आणि लगेच तिला ठसका लागला. तिनं दारावर दोन्ही मुठी हाणल्या आणि खोकत खोकत ओरडली, "आत्याबाई, जाऊबाई मरून राहिल्या. त्याइले काढा. मले नका काढू, मी राहीन अंदर. थोडंसंच उघडा, त्याइले ओढून घ्या, अन् मंग लावून घ्या दार. आत्याबाई, मी पाया पडतो, त्याइले काढा."

पुढचं मला यमुताईंनी सांगितलं, त्या बाहेर उभ्या होत्या. भगत म्हणाला, "नका उघडू, हेच ते." कडीवर शालिकरामचा हात होता, तो रडत होता पण हात काढत नव्हता. सासूबाई ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भूत सोताले सोडा मनते. दुसऱ्याले सोडा अन् मले ठेवा, असं कोनतं भूत मनते गा?" सासूबाईंनी पोराचा हात झटकून टाकला आणि कडी काढली.

दार उघडलं तेव्हा पंचफुलेनं माझ्या काखांत हात घातले होते. मला तिनंच ओढून बाहेर आणलं. अंगणात आल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि खोकत राहिली. दिवसभर खोकली. नाकातून, डोळ्यांतून पाणी, आणि मधेच हुंदका, मग पुन्हा खोकला. सासूबाई तिची पाठ चोळत होत्या आणि प्रत्येक खोकल्याला "खोकल माय, खोकल" म्हणत होत्या. शालिकराम मला पाणी पाजत होता. त्याच्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती, पण पाणी प्याले.

लहानू भगत नारळ घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "गेली. मारबतीसंगं गेली ते." मी बोलू शकत नव्हते, हे त्याचं नशीब.

एका ठसक्यानं कुणी बरं होत नाही. मिरची बाजाराकडून वारा आला की पंचफुला अजूनही ओट्यावर जायची, फक्त आता मला सांगून जायची, "जाऊबाई, मी थोडी बाहेर बसतो." बोलायची ती अनुसयेबद्दल. तिला गुळाची पोळी कशी आवडायची, तिनं गावच्या शाळेत मास्तरांची नक्कल कशी केली होती, असलं काहीबाही. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि "मंग?" म्हणायच्या. काही दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची, ती आगीची. तेव्हाही सासूबाई "मंग?" म्हणायच्या, पहिल्यांदा ऐकल्यासारख्या. माझा धीर सुटायचा, त्यांचा नाही. दृष्ट काढणं त्यांनी बंद केलं. का, ते कुणी विचारलं नाही. शालिकराम सकाळी कामावर जाण्याआधी घरातली सगळी दारं सताड उघडून त्यांना विटा लावून ठेवायचा. माफी मागायला त्याला एवढंच जमलं.

पण एक विचित्र गोष्ट झाली. दारांची भीती पंचफुलेची कमी होत गेली आणि सासूबाईंची वाढत गेली. घरातलं धान्य कोठीच्या खोलीत होतं, ते काढायला त्या आत जाईनात. यमुताईंनी संडासाचं दार लावलं तरी या इकडून ओरडायच्या, "हाय काय वं अंदर?"

थंडी पडली. अंगणात आंघोळ करणं अवघड झालं आणि एका सकाळी पंचफुला गरम पाण्याची बादली घेऊन नहाणीत गेली. मी चुलीपाशी होते. दार लोटल्याचा आवाज आला, आणि मग आतून कडी लावल्याचा. सासूबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उठल्या आणि नहाणीसमोर जाऊन बसल्या. आणि बडबड सुरू केली. वांग्याला कीड लागली आहे, यमुताईंची म्हैस आटली, असलं काहीही, मोठमोठ्यानं. आतून "हो" यायचं, मधे पाण्याचा आवाज.

मग "हो" आलं नाही. आत जोरात ठसका लागला.

सासूबाईंनी दारावर दोन्ही हात आपटले. "फुला. फुला, उघड वं. उघड दार."

कडी लगेच निघाली. अंगाला लुगडं कसंबसं गुंडाळून, ओल्या केसांनी पंचफुला दारात उभी. "काही नाई, आत्याबाई. नाकात पानी गेलं."

सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या हातांचं पीठ दाराला लागलं होतं. "पहिल्या हाकेलेच उघडाले पाहिजे होतं मी," त्या म्हणाल्या. "गोपिकानं मारली, तवाच. मले समजलं नाई, फुला. तू मेली असती."

"तुमी उघडलं ना," पंचफुला म्हणाली.

"उशिरा उघडलं."

पंचफुलेनं खांद्यावरचं लुगडं सावरलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. मग ती हळू म्हणाली, जणू तिलाच ते आत्ता दिसत होतं, "नुसती हाक मारून नाई होत, आत्याबाई. उघडनारं लागते. अनुसयानं तर किती मारल्या होत्या. मी अजून एक मारली असती, तरी त्यानं उघडलं नसतं."

सासूबाईंनी "मंग?" म्हटलं नाही. मीही चुलीपाशी उलथनं हातात धरून तशीच उभी राहिले. पोळी करपली.

"जा आता तुमी," पंचफुला म्हणाली. "पानी थंड होऊन राहिलं माहं."

आणि तिनं दार लावून घेतलं. सासूबाई काही तिथून हलल्या नाहीत.